भाकरी आणि तिचे सोबती

खाण्यापिण्याविषयी बोलण्याचा अधिकार वैद्याचा किंवा डॉक्टरचा, असे आपल्याकडे समजतात. हमाल, जिनिंगमधले कामगार आणि शेतमजूर यांच्या संघटनेत ज्यांचे आयुष्य गेले, अशा आमच्यासारख्यांनी वसंतातल्या या ज्ञानसत्रात आहार हा विषय घ्यावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. परंतु मजुरीचा प्रश्न शेवटी ताटापाशीच येऊन थांबतो. महागाई भत्ता कशाचा मागतात? धान्याचा, डाळीचा, तेलाचा. संप किती दिवस टिकेल हे कशावर ठरते? घरातल्या डब्यात किती पीठ आहे यावर. तेव्हा ताटाचा विचार आम्हांला करावाच लागतो, आणि तो करीत असताना आमच्या एक गोष्ट ध्यानात आली. माणूस काय खातो हे त्याच्या जिभेवर जितके अवलंबून असते, त्याहून कितीतरी अधिक ते त्याच्या मजुरीवर, त्याच्या कामाच्या घड्याळावर, बाजारभावावर आणि सरकारी धोरणावर अवलंबून असते. हे खरे की खोटे, ते आपल्या भागाच्या इतिहासावरून पाहू.

आमचे गाव धामणगाव बढे. बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात, घाटाखालच्या पट्ट्यात ते येते. मागे अजिंठ्याची डोंगररांग, पुढे मलकापूरचे रेल्वे स्टेशन, पश्चिमेला खानदेश आणि पायाखाली काळी जमीन. अशा जमिनीत पूर्वापार दोन पिके जोडीने नांदत आली, ज्वारी आणि कापूस. एक पोटाला, दुसरे अंगाला. ज्वारीबरोबर तूर, उडीद, मूग ही कडधान्ये आणि तीळ, जवस, करडई ही गळिताची पिके घेतली जात. ज्वारीचे दाणे माणसाला आणि कडबा बैलाला, असा तो हिशेब होता.

या जमिनीतून जे ताट निर्माण झाले, ते वऱ्हाडातल्या आणि खानदेशातल्या कोणासही सांगावयास नको. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, पिठले किंवा वांग्याचे भरीत, मिरचीचा ठेचा, जवसाची किंवा तिळाची चटणी आणि दुभते जनावर दारी असेल तर ताक. पावसाळ्यात अंबाडी, तांदुळजा, घोळ, चिवळ अशा पालेभाज्या. त्यांपैकी कित्येक तर बांधावरून फुकट मिळत. आमच्याकडे कळण्याची भाकर करतात. ज्वारीबरोबर उडीद दळून ती होते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो आणि कडधान्यात तो भरपूर असतो, हे प्रयोगशाळेने अलीकडे सांगितले. आमच्या आज्यांनी लायसिन हा शब्द ऐकला नव्हता. परंतु जात्यावर बसून त्यांनी ते गणित सोडवून ठेवले होते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. जुने ते सगळे सोने, असा गजर हल्ली फार ऐकू येतो. जुने ताट सगळ्यांचे एक नव्हते. पाटलाच्या वाड्यातील ताट वेगळे, कुणब्याच्या घरचे वेगळे आणि गावकुसाबाहेरचे वेगळे. सालदाराला वर्षाच्या बोलीत ज्वारी मिळे, खळ्यावरच्या बलुतेदाराला सुपाने धान्य मिळे. पण डाळ, तेल आणि दूध यांची बोली कोणी करीत नसे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात शेतकऱ्याच्या दारिद्र्याबरोबर त्याच्या घरचे जेवणही वाचकांपुढे मांडले. शेजारच्या मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या खाद्यजीवनावर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली प्रसिद्ध केले. तेल-तुपावाचून, पानात जे पडेल त्यावर, पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी कसे भागविले, हे त्यावरून कळते. तेव्हा जुन्या ताटाचे गुण घ्यावेत, त्याच्या आरत्या ओवाळू नयेत.

आता या ताटात बदल कसा झाला ते पाहू. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रज कंपनीच्या हवाली केला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर-अकोल्यावरून नागपूरला पोहोचला; १८७० साली जलंब-खामगाव हा फाटा खास कापसाच्या बाजारपेठेसाठी सुरू झाला. खामगाव, शेगाव, मलकापूर येथे सरकीचे आणि रुईचे ढीग दिसू लागले. चराऊ रानेसुद्धा नांगराखाली आली.

नगदी पीक आले म्हणजे हातात पैसा आला, हे खरे. पण पैसा हातात येतो तसा जातोही. पूर्वी गावागावांत जमिनीत खणलेली ज्वारीची पेवे असत. चांगल्या सालात ती भरायची, वाईट सालात उघडायची. सारा रोख, सावकाराचे देणे रोख आणि धान्याचा व्यापार रेल्वेच्या वाघिणीतून दूरच्या पेठांशी जोडलेला, अशी स्थिती झाल्यावर पेवात धान्य कशासाठी राहील? १८९६-९७ चा आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ पडला, ज्याला जुनी माणसे छपन्नचा दुष्काळ म्हणत. तेव्हा कापसाच्या गाठी परदेशी पाठविणाऱ्या या सुपीक मुलुखात माणसे अन्नावाचून मेली. आगगाडी होती, बाजार होता, धान्यही कोठेतरी होते. मजुराच्या गाठी ते विकत घेण्यापुरते दाम नव्हते. आहाराच्या इतिहासातील हा पहिला धडा होय. अन्न पिकणे ही एक गोष्ट आणि ते ताटात येणे ही दुसरी.

दुसरा धडा गिरणीने शिकविला. तो वेळेसंबंधी आहे. शेतावरचा मजूर ऊन डोक्यावर आले की झाडाखाली बसून फडक्यातली भाकर सोडतो. गिरणीचा पट्टा सुरू झाला की तो कोणासाठी थांबत नाही. मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि कामगार मिळेल त्या क्षणी, यंत्राशेजारी, कापसाच्या धुरळ्यात घास गिळी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या आजच्या माणसाला किती साध्या वाटतील! रविवारी सुटी, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. तो अर्धा तास म्हणजे भाकरीची सुटी होती. १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने दुपारच्या अर्ध्या तासावर सरकारी शिक्का उमटविला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती आणि अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह, अशी तरतूद केली. सावकाश चावून खा, असे आज डॉक्टर सांगतात. त्यासाठी कामगारांना सात वर्षे झगडावे लागले, हे लोकांना माहीत नसते.

वेळ कमी पडू लागला तसा चहा आला. आपल्या आजोबांच्या लहानपणी खेड्यात चहा हे औषध होते. १९०३ साली चहावर एक विशेष कर बसविला गेला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार होऊ लागला. गाडीच्या फलाटावर, गिरणीच्या दारात, बाजारात चहाची दुकाने थाटण्यात आली. चहा वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या चळवळीतल्या निम्म्या बैठका चहावरच झाल्या आहेत. पण चहाने भूक मरते, भागत नाही. सकाळच्या न्याहारीत शिळी भाकर आणि ताक किंवा तेल-चटणी असे, तेथे गोड चहा आणि मैद्याचा टोस्ट आला. पोत्याखाली पाठ वाकविणारा हमाल दिवसाचे पहिले चार तास त्या एका कपावर काढतो, हे आम्ही मार्केट यार्डात रोज पाहतो.

तिसरी घडामोड रेशनची. दुसऱ्या महायुद्धात महागाई भडकली, १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे बळी घेतली आणि त्याच साली मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. रेशनिंगने गरिबाला उपासमारीपासून वाचविले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु रेशनच्या दुकानात जे मिळेल ते खायचे, ही सवयही तेथूनच लागली. स्वातंत्र्यानंतर धान्य अपुरे पडू लागले. अमेरिकेने १९५४ साली केलेल्या ‘पी. एल. ४८०’ या कायद्यान्वये १९५६ पासून तेथील गहू आपल्याकडे जहाजांनी येऊ लागला. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन देशाला केले, यावरून त्या वेळची निकड ध्यानी यावी. त्याच वर्षी भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. पंजाब-हरियाणातील गहू आणि तांदूळ हमी भावाने विकत घ्यायचा आणि देशभर रेशनवर पोहोचवायचा, ही घडी हळूहळू बसली.

मग आला १९७२ चा दुष्काळ. ज्यांनी तो पाहिला ती माणसे आजही ‘मिलो’ हा शब्द उच्चारतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ती चव उमटते. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. खडी फोडायला गेलेली माणसे संध्याकाळी मिलोच्या भाकरी थापीत आणि कामावर सुकडी वाटली जाई. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पण या दुष्काळात छपन्नच्या दुष्काळासारखी प्रेते पडली नाहीत. कारण माणसांना काम मिळाले आणि कामाचे दाम मिळाले. याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. महागाईविरुद्ध मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्याही याच सुमारास. आणि १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांसाठी खानावळी चालविणाऱ्या बायकांची ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ही संघटना बांधली. सावकाराच्या व्याजातून त्या सुटल्या. हजारो कामगारांचे डबे ज्यांच्या हातून भरत, त्यांच्या कष्टाची दखल घेतली गेली.

दुष्काळ सरला, पण ज्वारीची पीछेहाट थांबली नाही. १९६४ साली ‘सी. एस. एच. १’ हा संकरित ज्वारीचा पहिला वाण आला. दाणा भरपूर, परंतु पिकाच्या काढणीवर पाऊस आला की कणसे काळी पडत, आणि हायब्रीडच्या भाकरीला जुन्या ज्वारीची गोडी नाही, अशी तक्रार घरोघरी होती. काळ्या ज्वारीला बाजारात कोण विचारणार? त्यात पाखरांची राखण आली, कापणी-खुडणीची मजुरी आली. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत घाटाखाली आणि घाटावर सोयाबीन पसरले. थोड्या महिन्यांत येते, रोख पैसा देते, म्हणून शेतकऱ्याने ते धरले. यात त्याचा काही दोष नाही. पण गंमत पाहा. प्रथिनांनी इतके समृद्ध असलेले पीक आमच्या शिवारात डोलते आणि ते जाते तेलाच्या कारखान्यात. त्याची पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. शेतकरी ते विकून त्याच पैशाने किराणा दुकानातून पिशवीतले तेल आणि डाळ आणतो. शिवार भरलेले आणि ताट विकतचे, ही कापसाच्या काळात सुरू झालेली गोष्ट सोयाबीनने पूर्ण केली.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असा भाव कायद्यात लिहिला गेला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळू लागले. गरिबाच्या घरची चूल त्यामुळे पेटती राहिली, आणि या हक्काला कोणी हात लावू पाहील तर आम्ही रस्त्यावर उतरू. तरीही कायद्यात भरड धान्य पहिल्या रांगेत असूनही दुकानात मुख्यतः गहू आणि तांदूळच येत राहिले, ही वस्तुस्थिती आहे. पूर्वी पोळी सणाची आणि भाकर रोजची होती. आता रोज पोळी आणि भात, आणि भाकर कोणी पाहुणा आला तर हौसेची. शहरात ज्वारी महाग धान्य झाली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा मोठ्या हॉटेलांतून भाकरीचे कौतुक झाले. ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या थापली त्यांच्या टोपल्यात ती परत आली का, हा प्रश्न मात्र राहिलाच.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. शास्त्राच्या नावाने भीती घालणारे पुष्कळ असतात, म्हणून आकडे नीट समजून घ्यावेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांवरून दिसते की शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम चोथा असतो. गव्हाच्या सबंध पिठातही तितकाच, किंचित अधिकच असतो. मैद्यात आणि पॉलिश केलेल्या तांदळात मात्र तो तीन ग्रॅमही भरत नाही. म्हणजे गहू हा शत्रू नव्हे. गव्हाचा कोंडा काढून केलेला टोस्ट, खारी, बिस्किट आणि ढीगभर पांढरा भात, यांनी घोटाळा केला. चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते आणि पोट साफ राहते. तो गेला की पोट लवकर रिकामे वाटते आणि माणूस पुन्हा काहीतरी गोड किंवा तळलेले शोधतो.

तसेच भाकर ही देवता नव्हे. याच पोषण संशोधनाची प्रयोगशाळा आधी दक्षिणेत कुन्नूर येथे होती. १९५८ साली ती हैदराबादला आली. तेथे डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास असे दाखविले की, जे गरीब लोक जवळजवळ केवळ ज्वारीवर जगतात त्यांच्यात पेलाग्रा नावाचा रोग आढळतो. कातडी काळवंडते, जीभ लाल होते, डोके ठिकाणावर राहत नाही. ज्वारीच्या जोडीला डाळ, दूध, भाजी असेल तर हा धोका राहत नाही. त्याआधी कुन्नूरलाच रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांवर वेगवेगळ्या प्रांतांतील आहारांचे प्रयोग केले होते. पोळीबरोबर दूध, डाळ, भाजी खाणारे उंदीर जोमाने वाढले. सडलेल्या तांदळावर भागविणारे खुरटले. या सगळ्याचे सार एका वाक्यात सांगता येईल. धान्य एकटे पुरत नाही, त्याला सोबती लागतात. ज्वारी असो, गहू असो, तांदूळ असो. ताटाची किंमत भाकरीवर ठरत नाही, तिच्याशेजारी काय आहे यावर ठरते.

गरिबी जेव्हा ताटावर चालून येते तेव्हा ती पहिल्यांदा या सोबत्यांनाच उचलून नेते. भाकरी शेवटपर्यंत राहते. आधी दूध जाते, मग फळ, मग भाजी, मग डाळ पातळ होते. पोट भरलेले दिसते आणि अंग पोकळ राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के मुलांत रक्ताची कमतरता आढळली. दुसऱ्या बाजूस २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात दहा कोटींहून अधिक माणसांना मधुमेह असल्याचे सांगितले. एकाच घरात सुनेच्या अंगात रक्त नाही आणि सासऱ्याच्या रक्तात साखर अधिक, हे चित्र आता खेड्यातही अपवादाचे राहिले नाही. दोन्ही दुखण्यांचे एक मूळ तेच आहे. ताटात धान्य आणि साखर फार, सोबती थोडे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आणि पोषण संस्थेने २०२४ साली नवी आहारसूत्रे प्रसिद्ध केली. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी जोडलेला आहे, असे त्यांत म्हटले आहे. अंगाला लागणाऱ्या शक्तीपैकी ४५ टक्क्यांहून अधिक शक्ती धान्यातून घेऊ नये, आणि दिवसाला सुमारे ८५ ग्रॅम डाळी, ४०० ग्रॅम भाज्या, ३०० मिलिलिटर दूध-दही घ्यावे, असा त्यांचा सल्ला आहे. सल्ला उत्तम आहे. पण पाच माणसांच्या शेतमजूर घराने हा सल्ला मानायचा ठरविला, तर रोज दोन किलो भाजी, दीड लिटर दूध आणि जवळजवळ अर्धा किलो डाळ लागेल. आपल्या बाजारातील आजच्या भावाने हा हिशेब ज्याने त्याने घरी मांडून पाहावा आणि निंदणाच्या एका दिवसाच्या मजुरीशी ताडून पाहावा. मग आहाराचा प्रश्न दवाखान्यात सुटतो की मजुरीच्या वाटाघाटीत, याचे उत्तर आपोआप मिळेल.

आम्ही हे नवीन काही सांगत नाही. १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत मालक, कामगार आणि सरकार या तिघांनी एकमताने ठरविले होते की, किमान वेतन गरजेवर आधारलेले असावे. एका कामगारामागे तीन माणसांचा खर्च धरावा. प्रत्येकाचे अन्न डॉ. एक्रॉइड यांनी सांगितलेल्या २७०० कॅलरींच्या हिशेबाने धरावे. कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. आणि त्यावर घरभाडे, जळण, दिवाबत्ती. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात शिक्षण, औषधपाणी इत्यादींसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. हे डॉ. एक्रॉइड म्हणजे कुन्नूरच्या प्रयोगशाळेचेच एक संचालक. पोषणाचे शास्त्र आणि कामगाराचे वेतन यांची गाठ अशी एका करारात बांधली गेली होती. फक्त एक गोष्ट जपली पाहिजे. २७०० कॅलरी नुसत्या ज्वारीनेही भरतात. पाऊण-एक किलो धान्य खाल्ले की झाले. कॅलरी भरल्या म्हणजे ताट भरले, असा अर्थ कोणी केला तर त्याला वरच्या पेलाग्राची आठवण करून द्यावी. एक्रॉइड यांच्या आहारात डाळ, दूध आणि पालेभाजी होती. वेतन ठरविताना त्या वस्तूंचे भाव धरले पाहिजेत, हीच आमची मागणी आहे.

कोणी विचारील, वेतन वाढेल तेव्हा वाढेल, तोवर आम्ही काय करावे? प्रश्न रास्त आहे. जे आपल्या हातात आहे ते आज करावे. पीठ चाळून कोंडा फेकू नये. रेशनच्या गव्हात मूठभर हरभरा किंवा ज्वारी दळावी. शक्य तेथे कळण्याची भाकर पुन्हा तव्यावर यावी. वरण पातळ करण्यापेक्षा एक पोळी कमी करून वरणाची वाटी घट्ट करावी. पावसाळ्यात बांधावरचा तांदुळजा, घोळ, अंबाडी आणि दारच्या शेवग्याचा पाला यांना गरिबाची भाजी म्हणून हिणवू नये. त्यांवर लिंबू पिळावे, म्हणजे त्यांतले लोह अंगी लागते. आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण त्याने ते लोह वाया जाते. जवस, तीळ, शेंगदाणे यांची चटणी रोज ताटात असावी. मिठाचे प्रमाण दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका लहान चमच्याएवढे ठेवावे. यात लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही मोजावे. सकाळी कामाला निघताना चहाआधी अर्धी भाकर पोटात जावी. ज्याला मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा दुसरे दुखणे आहे, त्याने पथ्य डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आणि एक गोष्ट पैशावाचून होणारी आहे. घरातल्या बाईने सगळ्यांच्या मागून, उरलेसुरले खाण्याची रीत मोडावी. शेतात पुरुषाइतकेच ती वाकते, कापूस वेचते, घरी येऊन भाकरी थापते आणि डाळीच्या भांड्याचा तळ तिच्या वाट्याला येतो. सत्तावन्न टक्क्यांचा तो आकडा पुष्कळसा या तळातून आलेला आहे. सगळ्यांनी एका वेळी बसून जेवावे. त्याला सरकारचा कायदा लागत नाही, मालकाची संमती लागत नाही.

बाकीचे जे आपल्या एकट्याच्या हातात नाही, ते मिळून मागावे. रेशनच्या दुकानात गव्हा-तांदळाबरोबर आपल्या मातीतली ज्वारी आणि एक डाळ यावी. ज्वारीला असा भाव मिळावा की शेतकऱ्याला ती पेरणे परवडेल. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या जेवणात पालेभाजी आणि डाळ आकड्यापुरती नसावी, ताटात दिसावी. आणि बाजारात, जिनिंगमध्ये, वीटभट्टीवर, जेथे जेथे माणूस घाम गाळतो, तेथे भाकरी सोडून बसायला सावली, प्यायला पाणी आणि हक्काचा अर्धा तास असावा. लोखंड्यांनी १८८४ साली मागितलेला तो अर्धा तास असंघटित कामगाराला अजून मिळावयाचा आहे.

दीडशे वर्षांत आपले ताट निदान चारदा बदलले: कापसाने, गिरणीने, रेशनने आणि सोयाबीनने. यांतला एकही बदल आपल्याला विचारून झाला नाही. पाचवा बदल आपण विचारपूर्वक, ठरवून आणि एकत्र येऊन करावा, एवढेच आम्हांला सांगावयाचे होते.